बर्फावरून जाणारं विमान

माझा नवरा कंपनीतर्फे कॅलिफोर्नियाला गेला, त्याला वर्ष होत आलं तेव्हा मी आणि सासूबाईंनी तिकडे जायचं ठरवलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीतली आणखीही दोन मुलं तेव्हा अमेरिकेत होती, त्यामुळे आमच्या जाण्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. सासूबाईंचं लक्ष वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. लंडनला विमान बदलायचं होतं आणि तिथून सॅन फ्रान्सिस्कोला जायला अकरा तास आणि यायला दहा, असं ट्रॅव्हल एजंट म्हणाला होता.

"अंतर तेच ना? मग येताना तास कुठे जातो?" त्यांनी त्याला विचारलं.

"येताना वारा पाठीमागून असतो, काकू," एवढं बोलून त्याने फोन उचलला.

मग विमान जातं तरी कोणत्या वाटेने, असं त्यांनी घरी विचारलं तेव्हा सासऱ्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "हे लंडन. सरळ समुद्र ओलांडला की अमेरिका. यात विचारण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून सासूबाईंनी पृथ्वीचा गोल आणला आणि दोन्ही शहरांवर दोरा धरून ताणला. दोरा समुद्रावरून घसरून वर उत्तरेला, ग्रीनलंडवर गेला. पुन्हा ताणला, पुन्हा तेच.

"दोरा नीट धर," सासरे म्हणाले.

"नीटच धरलाय. हीच जवळची वाट दिसतेय."

"हो का? मग शाल न्या. वाटेत उतरावं लागेल."

लंडनहून निघालो तेव्हा सासूबाई खिडकीशी बसल्या. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. सासूबाईंचा पडदा वीतभर उघडाच. माझ्या घड्याळात पुण्याची रात्र झाली होती, बाहेर मात्र दुपारचं ऊन तसंच होतं. माझा डोळा लागतो न लागतो तोच त्यांनी मला हलवलं.

"अगं, खाली बघ."

खाली नुसता बर्फ होता. मधूनच काळे डोंगर वर आलेले, भेगांत निळं पाणी. घर नाही, रस्ता नाही. तेवढ्यात हवाई सुंदरी पडदा लावायला सांगायला आली. सासूबाईंनी तिलाच विचारलं, "ग्रीनलंड?" ती वाकली, बाहेर बघितलं आणि पुढे जाऊन वैमानिकांना विचारून आली.

"यस, ग्रीनलंड," ती म्हणाली. पडद्याचं विसरून तीही थोडा वेळ आमच्याबरोबर बघत राहिली.

नवरा विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत त्याने कबूल केलं, की कंपनीच्या आधीच्या फेऱ्या धरून या वाटेने तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा झोपला.

एरवी तो आईला सगळं समजावून सांगायचा. कॉम्प्युटर, ई-मेल, बँकेचं कार्ड. त्या संध्याकाळी त्या बर्फात माणसं राहतात का, राहत असतील तर खातात काय, यावर मायलेक बराच वेळ बोलत बसले. दोघांनाही नक्की काही ठाऊक नव्हतं. मी कुकर लावला आणि त्यांच्यात जाऊन बसले.