कवळीबाईंचं वरचं घर

सगळे तिला कवळीबाई म्हणत. दातांच्या प्रयोगशाळेत तिचं उभं आयुष्य गेलं होतं. मेणात दात बसवायचे, गुलाबी हिरड्यांचा साचा ओतायचा, घासून गुळगुळीत करायचा. ज्यांच्या तोंडात तिचं काम बसलं त्यांतल्या फार थोड्यांना तिनं पाहिलं होतं. नवरा गेल्यावर प्रयोगशाळेचे मालक म्हणाले होते, "बाई, आपल्याकडे पेन्शन नाही, तुम्ही स्वतःची काहीतरी सोय बघा." म्हणून तिनं हिंमत केली, कर्ज काढलं आणि आपल्या घराच्या बरोबर वरचं दोन खोल्यांचं घर विकत घेतलं. भाड्यातून हप्ता जाईल, कर्ज फिटलं की भाडं म्हातारपणी पोटाला होईल, असा साधा हिशेब होता.

वर एक नर्स राहायला आली, सोबत तिची आई. आईला विसरायचा आजार. मुलीचं नाव ती कधीकधी विसरायची, पण त्या घरात मात्र तिचे पाय चुकत नसत. अंधारातसुद्धा बरोबर न्हाणीघर गाठायची. कवळीबाई आता प्रयोगशाळेत अर्धा दिवसच जायची; सिस्टर ड्युटीवर गेली की ती वर जाऊन आजींना जेवायला वाढायची. घरमालकीण आणि भाडेकरू हे नातं नावापुरतंच उरलं होतं.

मग कायदा बदलला. कवळीबाईला तो भाच्याकडून कळला. भाचा लोकांचे कराचे कागद करायचा, आणि मावशीचे फुकटात करायचा.

"मावशी, आधी भाड्यातून व्याज वजा व्हायचं आणि उरलेल्यावर कर लागायचा. आता व्याजाची वजावट बंद. अख्खं भाडं तुझं उत्पन्न."

"पण भाडं माझ्याकडे थांबतंच कुठे? आलं की बँकेत जातं."

"ते मला कळतं. सरकारला नाही कळत."

"मला एक पैसा नफा नाही, मग कर कसला?"

भाच्यानं चष्मा काढून पुसला. "करमुक्त मर्यादा किती वर्षं जिथल्या तिथे आहे. तुझा पगार तिच्या आत बसायचा. आता पगारात भाडं धरलं की तू बाहेर पडतेस. मोठ्या बिल्डरांसाठी काढलेला नियम आहे, पण चाळणीतून पहिले बारीकच पडतात."

त्यातच कर्जावरच्या काही वर्षांपुरत्या ठरलेल्या व्याजदराची मुदत संपली आणि हप्ता फुगला. कर्ज स्वस्त दरात हलवता येईल का, हे विचारायला ती दुसऱ्या बँकेत गेली. तिथला तरुण अधिकारी अदबीनं बोलला, पाणी दिलं, आणि नियम सांगितला: भाड्यानं दिलेल्या घरावर कर्ज हवं, तर भाडं हप्त्याच्या दीडपट पाहिजे.

"म्हणजे मी भाडं वाढवायचं?"

"तो तुमचा निर्णय आहे, मॅडम."

तिनं धीर करून सिस्टरला आकडा सांगितला. सिस्टर बराच वेळ आईच्या केसांतून फणी फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकू, माझा पगारच तेवढा आहे."

बाईनं हातपाय गाळले नाहीत. भाच्याला विचारून तिनं एक वाट काढली. खालचं राहतं घर विकायचं, त्यातून बरंच कर्ज उतरवायचं, आणि स्वतः वरच्या छोट्या खोलीत जायचं. मालक त्याच घरात राहत असेल, तर खोलीच्या भाड्यावर कर माफ होता. सिस्टर लगेच हो म्हणाली, आजींची सोयच होईल म्हणाली. त्या दिवशी दोघी बऱ्याच दिवसांनी हसल्या. "आता माझं घोरणं ऐकावं लागेल," कवळीबाई म्हणाली. "आईला तोंडात दात ठेवून झोपायची सवय आहे, तुम्ही तिलाच ओरडाल," सिस्टर म्हणाली.

बँकेनं ते हसू आठवडाभर टिकू दिलं. मग सांगितलं की राहत्या घराचं कर्ज वेगळ्या नियमात बसतं. त्यात भाडं धरत नाहीत, फक्त पगार आणि वय बघतात. उरलेलं कर्ज लहान असलं तरी कवळीबाईचं वय त्याच्याहून मोठं होतं. भाडेकरू ठेवला तर भाडं पुरत नाही, स्वतः राहिली तर आयुष्य पुरत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी वरचं घरच विकायचं ठरलं. पण तिच्यासारखे कितीतरी जण एकाच वेळी विकायला निघाले होते. भाव पडले. जे गिऱ्हाईक मिळालं त्याची एकच अट होती, घर रिकामं पाहिजे.

कवळीबाई वर गेली आणि काय बोलायचं ते जिन्यातच विसरली. सिस्टरनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसा, काकू. कधीपर्यंत?"

मायलेकी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या. तिथे भाडं जेमतेम परवडत होतं. टेम्पोत बसताना आजींनी कवळीबाईचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "आपण परत कधी यायचं?"

आलेल्या पैशांत कर्ज फिटलं, कर भरला, दलालाला दिलं. हातात जे राहिलं त्यात म्हातारपण सोडा, एक वर्ष निघालं नसतं. कवळीबाई परत प्रयोगशाळेत पूर्ण वेळ उभी राहू लागली. बोटं सुजायची. मालकांचा मुलगा आता काम बघायचा. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही आहात म्हणून बरं आहे." पगार वाढवायचं नाव मात्र काढायचा नाही.

थंडी ओसरता ओसरता सिस्टर दारात आली. कवळीबाईनं आत घेतलं, चहा टाकला.

"आई गेली," सिस्टर म्हणाली. "नव्या घरात न्हाणीघर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली. तिकडे जिना होता."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"तुमचा दोष नाही, हे सांगायला आले होते," सिस्टर म्हणाली. "बसमध्ये सारखं तेच घोकत होते. पण इथे आल्यावर तोंडातून निघत नाही."

"नको म्हणूस," कवळीबाई म्हणाली. "मलाही ते खरं वाटलं नसतं."

थोड्या वेळानं सिस्टरनं उठून गॅस बंद केला आणि फडकं घेऊन ओटा पुसला. कवळीबाईनं उरलेला चहा दोन कपांत ओतला. तो दोघींना पुरला नाही, तरी दोघी तो संपेपर्यंत बसून राहिल्या.