गळ्याच्या खाक्यावरचा घोडा

“मौजे कुंभार पिंपळगाव. नाव पाशामियाँ, वल्द चाँदमियाँ. उमर अंदाजे पंचेचाळीस. पेशा शिंपीकाम. मादरी जबान उर्दू. इतर जबान मराठी. इंग्रजी: नाही. कैफियत: एक मुलगी, नाव रजिया, निकाह मुकर्रर.”

फसली तेराशे पन्नासच्या (इसवी १९४१च्या) मर्दुमशुमारीला, म्हणजे शिरगणतीला, आलेल्या कारकुनानं लिहिलेला हा मजकूर. कैफियतीचा रकाना कोरा सोडला तर वरचे साहेब खुलासा मागतात. म्हणून पाशामियाँच्या बायकोनं, अकबरबीनं, चहासोबत मुलीचं लग्न ठरल्याची जी बातमी दिली ती त्यानं तिथं भरली. इंग्रजीचं विचारलं तेव्हा पाशामियाँ म्हणाले होते, थोडी येते. ‘थोडी’ला रकाना नव्हता.

ही थोडी इंग्रजी त्यांच्याकडे रद्दीतून आली. लहानपणी जालन्याच्या शाळेत ते अक्षरं जुळवण्यापर्यंत शिकले, तेवढ्यात वडील गेले आणि पाटीच्या जागी कात्री आली. पुढं तीस-पस्तीस वर्षं ती अक्षरं कुठं उपयोगी पडली नाहीत. मग एकदा दोऱ्याची रिळं आणायला जालन्याला गेले, तेव्हा रद्दीवाल्यानं एक जाड पुस्तक दिलं. पुठ्ठा गेलेला, कागद मात्र दणकट. असा कागद शिंप्याला सोन्यासारखा, कारण त्याचे खाके कापता येतात: कॉलरचा, खिशाचा, गळ्याचा. पाशामियाँनी पहिली बरीच पानं कापून खिळ्याला टांगली आणि लग्नसराई सरल्यावर, हाताला काम नाही म्हणून, उरलेलं पुस्तक उघडून पाहिलं. ती विलायतेची कादंबरी होती.

डिक्शनरी गावात नव्हती. विचारावं असा माणूसही नव्हता. मास्तर होते, पण त्यांचं इंग्रजी सही करण्यापुरतं होतं आणि ते स्वतःच तसं सांगत. तेव्हा पाशामियाँनी आपल्या धंद्याची रीत लावली. शिंपी कपडा एकदम शिवत नाही. आधी लांब लांब कच्चे टाके घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतो, जमलं तर मशीन मारतो, नाहीतर उसवतो. शब्दाचंही तसंच. आजूबाजूच्या वाक्यांवरून एक अर्थ कच्चा टाकून द्यायचा. तोच शब्द पुढं भेटला की त्याच्या अंगावर तो अर्थ चढवून पाहायचा.

उदाहरणार्थ ‘शिव्हर’. सुरुवातीला बायका खिडकीपाशी उभ्या राहून शिव्हर करत आणि लगेच कुणीतरी उठून खिडकी लावी. पाशामियाँनी अर्थ टाकला: खिडकी लावायला सांगणे. तो बरेच दिवस चालला. मग एक म्हातारा तापात, अंगावर रजयांचा ढीग घेऊन, शिव्हर करताना सापडला. खोलीत खिडकीचा पत्ता नव्हता. टाके उसवले, शब्दाला हुडहुडी बसली, ती पक्की.

हे सगळं ते मशीनवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत करत. रखमाजी नावाचा शेतकरी बंडीचं माप द्यायला यायचा आणि तासभर ठाण मांडायचा.

“पाशाभाई, एवढं वाचून राह्यलास, मंग साहेबाचा कोट शिवायला जाणार काय?”

पाशामियाँ म्हणाले, साहेबाचा कोट शिवायला इंग्रजी लागत न्हाई, साहेब लागतो.

त्या कादंबरीत एक मुलगी होती. चांगल्या घरची, कमी बोलणारी. तिला एका श्रीमंत जमीनदाराचं मागणं आलं. घरचे खूश, शेजारी खूश, आणि मुलगी ‘रिलक्टंट’. मागणं आलंय, मुलगी खाली बघतेय; पाशामियाँनी क्षणाचाही विचार न करता अर्थ टाकला: लाजरी. पुढं एक म्हातारा वकील तिजोरी उघडायला रिलक्टंट निघाला. वकील लाजतो हे त्यांना पटलं नाही. पण मुलूख विलायतेचा, तिथले वकील वेगळे असतील असं म्हणून त्यांनी तो टाका तसाच ठेवला.

याच दिवसांत रजियाचं ठरलं. जालन्याचे महेमूदभाई, कापडाचं स्वतःचं दुकान, वय चाळिशीच्या आसपास, पहिली बायको वारलेली, पदरी दोन लेकरं. माणूस नेक, त्याच्याविरुद्ध बोलायला कुणाकडं काही नव्हतं. शिवाय दुकानाचं सगळं शिवणकाम सासऱ्याकडं यायचं ठरलं होतं आणि यायला लागलंही होतं. अकबरबीनं मुलीला विचारलं. रजिया खाली मान घालून गप्प राहिली. कुमारिकेचं गप्प राहणं म्हणजे होकार, ही रीत सगळ्यांना ठाऊक असते. अकबरबीनं साखर वाटली. पाशामियाँनाही वाटलं, पोरगी लाजली.

निकाहच्या कुडत्यासाठी महेमूदभाईंनीच लाल रेशमी कापड पाठवलं होतं. पाशामियाँनी ते घडवंचीवर पसरलं, खिळ्यावरून गळ्याचा खाका काढला, कापडावर ठेवला आणि खडू घेतला. खाका म्हणजे कादंबरीचं पहिल्या पानांपैकी एक, जे वाचायच्या आधीच कापलं गेलं होतं. सवयीनं नजर अक्षरांवर गेली. गळ्याच्या गोलाईला लागून अर्धं वाक्य शाबूत होतं: नदीला पाणी आलेलं, घोडा पाण्यात पाय टाकायला रिलक्टंट, आणि वर बसलेला माणूस टाच मारतोय.

पाशामियाँनी ते वाक्य पुन्हा वाचलं. घोडा लाजत नाही. वकीलही लाजत नव्हता. त्याला तिजोरी उघडायचीच नव्हती. मग टाके मागं मागं उसवत गेले, तिजोरीपासून त्या कमी बोलणाऱ्या मुलीपर्यंत, आणि तिथं थांबले नाहीत.

रजिया दाराकडं पाठ करून काजं करत बसली होती. त्यांनी खडू खाली ठेवला.

“रजिया, तू शरमा रई, की तेरेकू नक्को?”

सुई थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

“नक्को, अब्बा.”

त्यांनी कारण विचारलं नाही. घोड्यालाही कुणी कारण विचारलं नव्हतं, नुसती टाच मारली होती. इथं टाच मारणारे आपणच होतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

लाल कापडाची घडी जशी आली तशी करून ते दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं जालन्याला गेले. महेमूदभाई नेक होते तरी माणूस होते. जबान दिली होती, मुलीनं नाही म्हटलं नव्हतं, मग आता हे काय, असं त्यांनी विचारलं. पाशामियाँ म्हणाले, तिनं हो पण म्हटलं नव्हतं, आम्ही बराबर ऐकलं न्हाई. कापड त्यांनी गल्ल्याजवळ ठेवलं. दुकानाचं शिवणकाम त्या दिवसापासून बंद झालं, हे सांगायची गरज कुणालाच पडली नाही.

अकबरबी नवऱ्याशी ईद येईपर्यंत जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. बिरादरीत कुणी म्हणालं बुढ्याला महेमूदकडून जास्त पाहिजे असेल, कुणी म्हणालं पोरीतच काही असेल. रखमाजी सगळं ऐकून बंडी न्यायला आला.

“लोक म्हणतात, इंग्रजीनं पाशाभाईचं घर बुडवलं.”

“बुडत न्हाई,” पाशामियाँ मशीनचं चाक फिरवत म्हणाले. “तीन शब्द वाचून होतात तोवर एक बंडी शिवून होते, बराबर चाललंय.”

रखमाजीनं बंडी अंगात घालून पाहिली आणि बगलेत काचते म्हणाला. पाशामियाँनी टाके उसवायला घेतले.

गळ्याचा तो खाका त्यांनी पुढं कधी कापडावर ठेवला नाही. नवा खाका कापला, वर्तमानपत्राचा. जुना पुस्तकात जिथला तिथं ठेवला, आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. कादंबरीतल्या मुलीचं लग्न त्या जमीनदाराशी झालं. लेखकाला ते बरोबर वाटलं असावं. पाशामियाँना वाटलं नाही, आणि हे मत ते गिऱ्हाइकांना ऐकवत राहिले.

शिरगणतीचे कागद वर गेले, तिथून आणखी वर गेले, आणि ते सरकार होतं तोवर तिथंच राहिले. त्यात पाशामियाँना इंग्रजी येत नव्हती आणि रजियाचा निकाह मुकर्रर होता.

तो निकाह झाला नाही.