शेषरावांचे बारा भोकांचे बूट

चौसष्ट साली शेतकी खात्याने शेषरावांना मोटरसायकल दिली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या सायलेन्सरने त्यांचा चपलेतला घोटा भाजला. पिंपळगाव राजाकडची वीस गावं फिरायची, वाऱ्यावरची उफणणी समोर करवून ज्वारी तोलायची, एकरी उतारा कळवायचा, हे त्यांचं काम. ते आठ दिवस अडलं. खामगावच्या साहेबांनी लिहिलं, पुन्हा अडलं तर गाडी दुसऱ्याला जाईल.

म्हणून बूट. फकीर मोहम्मदच्या दुकानात शेषराव दोन तास बसले. कातडं वाकवलं, तळ नखानं खरवडला, उभं राहून हवेत किक मारून पाहिली. शेवटी घोट्यावर वीतभर जाणारे, बारा भोकांच्या नाडीचे बूट ठरले.

"दिवसातून कितीकदा काढसान?" फकीर मोहम्मदनं विचारलं.

"काढाले कायले? घालाले घेऊन राह्यलो."

फकीर मोहम्मदनं बूट कागदात बांधले.

बूट उत्तम होते. काटे, गोटे, सायलेन्सर, कोणाचं काही चाललं नाही. फक्त खळ्यावर पायताण चालत नाही, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मूनही शेषरावांना दुकानात आठवलं नव्हतं.

कडूबाच्या खळ्यावर वारा सुटला होता. कडूबा उफणायला उंच तिवईवर चढला, बायको चांगुणा टोपलं भरून उभी राहिली. शेषराव धुऱ्याच्या बांधावर बसून नाड्या सोडू लागले. डावा निघाला. उजव्याला गाठ बसली. ती सुटली तेव्हा वारा पडला होता.

"भाऊ, वाऱ्याले थांबाले सांगतलं नोतं काय?" चांगुणा म्हणाली.

कडूबानं रास झाकून ठेवली. पुढच्या गावात लोक थांबलेच नाहीत. बूट निघेपर्यंत उफणून ज्वारी घरी गेली. दोन्ही कागदांवर उताऱ्याचा रकाना कोरा राहिला. साहेबांनी कळवलं, आणखी एक कोरा आला तर गाडी कचेरीत आणून लावा.

फकीर मोहम्मदनं बूट बाजूनं उभे चिरले आणि नाडीऐवजी एकेक पट्टा नि बक्कल लावलं.

"हे पहिलेच काऊन नाही सांगतलं?"

"विचारलं होतं, साहेब."

दुसऱ्या दिवशी कडूबा तिवईवर चढायच्या आत शेषराव अनवाणी हजर होते. वारा नव्हता. तिघं दुपारभर धुऱ्यावर बसून राहिले.

"आता वारा बूट काढून राह्यला वाटते," चांगुणा म्हणाली.

दिवस कलल्यावर तो आला. उतारा लिहून झाला, गाडी शेषरावांकडेच राहिली. उशिराचं कारण म्हणून त्यांनी ‘वारा’ लिहिलं. आधीच्या कागदांवरही तेच लिहिलं होतं.