साखरपाण्याचा पेला

आमच्या शेजारच्या मामांइतका रागीट माणूस दौंड स्टेशनातून कधी गेला नसेल, आणि तिथून निम्मा देश जातो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ते उंदरांची देखभाल करत. सकाळी डेमू गाडीने जात आणि संध्याकाळी तिथल्या साहेबांवर चिडून परत येत. उदासीवरची औषधं तपासायला साहेब उंदराला पाण्याच्या उभ्या भांड्यात सोडत. बाहेर पडायला वाट नाही. उंदीर आधी धडपडे, मग नुसता तरंगत राही. किती वेळ तरंगला ते घड्याळ लावून मोजायचं. जास्त तरंगला तो खचलेला. मग मामांनी त्याला काढून टॉवेलनं पुसायचं. "आरं, खचला कुठं? वाट न्हाई हे त्याला कळलंय, दम राखतोय त्यो!" हे त्यांनी साहेबांना तोंडावर ऐकवलं होतं, डेमूच्या डब्यात ते रोज ऐकवत, आणि एकदा तिकीट तपासनीसालाही सोडलं नव्हतं.

तिथली दुसरी एक पद्धत मात्र त्यांना पसंत होती. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एक साखरपाण्याची, एक साध्या पाण्याची. जिवाला बरं असलेला उंदीर गोडाकडे जातो, उदासलेल्याला दोन्ही सारखंच. बाटल्यांच्या जागा रोज बदलायच्या, नाहीतर जनावर नुसत्या सवयीनं पितं. मामांनी ही परीक्षा सगळ्या आळीला लावली. त्यांच्याकडे गेलं की पुढ्यात दोन पेले येत, दोन्ही चाखून हवा तो एकच प्यायचा. त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी भिडेखातर दोन्ही पेले रिकामे केले, तर मामा त्यांच्यावर उखडले, "आता ह्यातनं म्या काय समजायचं?"

रांजणगावच्या कंपनीतली माझी नोकरी सुटली आणि मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. तीन महिने. येणारा प्रत्येक जण मला आळशी ठरवून, चहा पिऊन जाई. त्या शहाण्यांचा मला आजही संताप येतो. काका माझ्या उशाशी बसून "ह्याला लाजच न्हाई" म्हणत होते, तेव्हा मामा दारातून गरजले, "भांड्यात पडलंय पोरगं! त्याला काढायचं सोडून घड्याळ काय लावताय?" त्यांनीच मला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या हातात ठेवताना म्हणाले, "ह्यात माझ्या उंदरांचा जीव गेलाय. एक जरी चुकवलीस तर बघ." मग रोज येऊन आईकडून दोन पेले भरून घेत आणि माझ्यापुढे ठेवत. मी साधं पाणी उचललं की दुसरा पेला उचलून निघून जात. ज्या दिवशी माझा हात गोडाकडे गेला, त्या दिवशी ते आईवर खेकसले, "साखर कमी घातलीस!" आणि डोळे पुसले.

यंदा मामा रिटायर झाले आणि हळूहळू गप्प होत गेले. साहेबांवर चिडेनासे झाले. दिवसभर ओट्यावर बसून असतात. "वय झालं, बसणारच," असं त्यांचा मुलगा म्हणाला, तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोललो. घरी गेलो आणि दोन पेले भरून आणले.

मामांनी दोन्ही चाखून पाहिले आणि साधं पाणी उचललं. मला रडू आवरेना.

"रडतो काय?" कितीतरी दिवसांनी ते खेकसले. "एका दिवसाचं धरत न्हाईत. उद्या जागा बदलून आण."