गालातला मुंगळा

"दादा, गालात मुंगळा शिरलाय रं," असं बहीण पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी पेपरातून मान वर केली नाही. त्याआधीपासून तिला पंख्यावर बसलेला माणूस दिसत असे. त्या मानाने मुंगळा साधा होता. पळसदरीच्या पुढे, गावाच्या टोकाला आम्ही दोघंच राहतो. तिच्या आजारामुळे येणारेजाणारे कधीचेच थांबले आहेत.

कर्जतला तिच्या गोळ्या आणायला गेलो की तिथल्या डॉक्टरांना मुंगळ्याचं सांगायचो. त्यांनी गोळी वाढवली. परतताना मी तंबाखू घ्यायचो. बहीण तो तव्यावर भाजून त्याची मशेरी करायची. चिमूटभर गालात धरली की पंख्यावरचा माणूस तासभर गप्प बसायचा, आणि मला वाचता यायचं. गोळ्यांना कधी चार दिवस उशीर झाला, मशेरीला कधीच नाही.

मग गावात कर्करोग तपासणीचं शिबिर भरलं. दीड तास शाली आणि नारळ झाले. पाहुण्यांनी फोटोपुरती तोंडं उघडली. त्यानंतर आमची रांग.

"मावशी, काय होतंय?" टेबलाशी नावं लिहून घेणाऱ्या मुलीनं विचारलं.

"मुंगळा हाय. चावतो."

मागची बाई हसली. "अगं, ती येडी हाय. तिला काय इचारतीस?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी घरातला शिकलेला माणूस. "जुना मानसिक आजार आहे," मी शुद्ध भाषेत म्हणालो. तिनं बहिणीचा तपासणीचा कागद न भरताच बाजूला ठेवला. आम्ही मिळालेली केळी खात घरी आलो. बहिणीनं तिचं केळं कुस्करून खाल्लं, हे मी पाहिलं होतं.

भाकरी चहात भिजवूनही तिला गिळवेना, तेव्हा तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि हातमोजा घालून गालात बोट फिरवलं.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"दादाला इचारा," बहीण म्हणाली. "त्याला सांगितलं होतं मी."

अर्धा जबडा काढल्यापासून तिचं बोलणं कळत नाही. तंबाखू बंद आहे, तवा मी माळ्यावर टाकला. पंख्यावरचा माणूस मात्र परत आलाय. ती बोटानं वर दाखवते. मी पुस्तक मिटतो, पंखा बंद करतो, स्टुलावर चढून तिन्ही पाती नीट बघतो. मग खाली उतरून मला काय दिसलं ते तिला सांगतो.