फर्नेसवरचा गणपती

ती केस विसरावी असं फार वाटतं. पण थंडी पडली, घर गरम ठेवणारी फर्नेस सुरू झाली, की आठवतेच. शिकागोच्या उपनगरात मी बावीस वर्षं पोलिसात काढली, शेवटची काही डिटेक्टिव्ह म्हणून. खून पाहिले, दरोडे पाहिले. थकवलं मात्र या केसनं.

एक मराठी जोडपं, त्यांचं पहिलंच घर. ती सात महिन्यांची गरोदर. जानेवारीतल्या एका सकाळी ती स्वयंपाकघरात बेशुद्ध सापडली. फर्नेसला आतून तडा गेला होता आणि विषारी वायू घरात पसरत होता. अशा वायूचा इशारा देणारा अलार्म होता, त्यात बॅटरी नव्हती. ती शुद्धीवर आली. पोटातल्या बाळाचं डॉक्टर काही सांगेनात.

चौथ्या दिवशी नवरा हॉस्पिटलात फाइल मांडीवर घेऊन बसला होता. मला म्हणाला, "काका, होम वॉरंटी होती ना. एक वर्षाची, सेलरनंच गिफ्ट केली. म्हणून तर इन्स्पेक्शन स्किप केलं."

मी कागद वाचले. राहायला आल्यावर एखादं यंत्र बिघडलं, तर वॉरंटी कंपनी दुरुस्त करणार. आधीच बिघडलेलं असेल, तर नाही. तडा जुना, म्हणून क्लेम नामंजूर. घेण्याआधी घर तपासायचं काम वॉरंटी करत नाही. इतकं साधं आहे, पण विकणारा आपला माणूस असला की आपल्याला तपासायची लाज वाटते.

विकणारे आमच्या मराठी मंडळातले ज्येष्ठ, सगळ्यांचे काका. या जोडप्याच्या वास्तुशांतीची पूजाही त्यांनीच सांगितली होती. मीही त्यांना ओळखत होतो, वरिष्ठांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, भाषा तुलाच येते, तूच बघ.

टीप आली शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून. घर विकण्याआधी एक दुरुस्तीवाला आला होता आणि जाताना काकांशी चढ्या आवाजात बोलत होता. कुठल्या कंपनीचा, ते त्यांना आठवेना. मी बेसमेंटमध्ये उतरलो. फर्नेसच्या दारावर तळहाताएवढा गणपतीचा स्टिकर होता. सहकाऱ्यानं आधीच फोटो काढले होते, पण देव म्हणून हात लावला नव्हता.

काकांना ठाण्यात बोलावलं. हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डिंग सुरू केलं.

"फर्नेस एकदम ओके होती रे. वॉरंटी मी स्वतः दिली. कोण देतं यार?"

"आणि तो गणपती, काका?"

"तो पहिल्यापासून आहे. दर दसऱ्याला पूजा करायचो आम्ही."

मी ते तसंच लिहून घेतलं. खोटं ऐकू आलं की पोलिसानं लगेच टोकू नये. त्या स्टिकरवर कुंकवाचं एक बोटसुद्धा नव्हतं.

परत त्या घरी गेलो. नवरा आडवा आला. "काढू नका काका, प्लीज. बेबी यायचंय."

मलाही नकोच होतं. हात जोडले आणि नखानं कोपरा उचलला. खाली लाल लेबल: धोका, वापरू नये. तंत्रज्ञाची सही आणि विक्रीच्या तीन आठवडे आधीची तारीख. लेबल खरवडून पाहिल्याच्या खुणाही होत्या.

फोटो समोर ठेवल्यावर काका रडले. "नवीन फर्नेस बसवायची तर डील लांबली असती. वाटलं, वॉरंटीत होऊन जाईल त्यांचं." त्यांना खरंच तसं वाटलं होतं. मला धड रागही येईना. असे गुन्हेगार फार दमवतात.

मुलगी वेळेआधी झाली, पण वाचली. मंडळातले काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत.

या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. कागद वाचा, घर तपासून घ्या, हे कोणीही सांगेल. माझं वेगळं आहे. केस बंद झाली त्या संध्याकाळी मी आमच्या बेसमेंटमध्ये गेलो. आमच्याही फर्नेसवर गणपती होता, आम्हाला घर विकणाऱ्या मावशींनी लावलेला, कुंकवानं माखलेला. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ना तो."

मी काढला. खाली नुसता पत्रा होता. मावशींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तो गणपती मला पुन्हा नीट चिकटवता आला नाही.