साठच्या रस्त्यावर सत्त्याण्णव

आमच्या मास्तरांना गाडी फार वेगानं चालवली म्हणून पकडलं, हे मी पहिल्यांदा ज्या बाईला सांगितलं ती माझ्या तोंडावर हसली. तिचा तरी काय दोष? आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून गेलेलं कुणीही हसेल. मास्तर म्हणजे चाळीस. शाळेजवळ तीस. समोर कुत्रं दिसलं की वीस, आणि ते कुत्रं झोपलेलं असलं तर गाडी बंद करून ते उठायची वाट बघणार. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, पण हे आपले ढिम्म.

मी त्या स्कूलच्या ऑफिसात सोळा वर्षं बसते आहे. फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे, वेळा लावून द्यायच्या आणि "मॅडम, मी पास होईन ना हो?" हे दिवसातून वीस वेळा ऐकून घ्यायचं. मास्तर माझ्याही आधीचे, चोवीस वर्षं झाली त्यांना. मालक तर नंतर आले, आणि त्यांनाही गाडी मास्तरांनीच शिकवलेली. म्हणून मालक कितीही तापले तरी मास्तरांसमोर आवाज एका पट्टीच्या वर जात नसे.

शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटपुढेही ब्रेक असतो, क्लच असतो. अ‍ॅक्सिलरेटर नसतो, तो फक्त शिकणाऱ्याकडे. म्हणजे बघा, चोवीस वर्षं, रोज नऊ तास, या माणसाच्या पायाला थांबवण्यापलीकडे काम नव्हतं. ती सवय इतकी अंगात मुरली होती की बसमध्ये बसले तरी उजवा पाय दाबत राहायचे. एकदा माझ्या नवऱ्यानं त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी सोडलं. परत आला आणि म्हणाला, "यापुढे तुझ्या मास्तरांना तू सोड. माझा फूटरेस्ट वाकवला त्यांनी."

राहायचे एकटे. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली, खालून वाफ आणि जळक्या कापडाचा वास. एकदा तापानं पडले होते तेव्हा मी गेले होते. एक खाट, एक खुर्ची, रेडिओ, आणि दुसऱ्या खुर्चीवर छातीएवढी रद्दी. मला बसायला जागा करून देताना त्यांना ती सगळी रद्दी उचलून खाटेवर ठेवावी लागली. इथं कुणी येत नाही हे मला तिथंच कळलं, आणि फार वाईट वाटलं. तोंडानं मात्र मी म्हटलं, "काय हो हा पसारा!" माझा स्वभावच मेला तसा आहे.

त्यांची माणसं म्हणजे गाडीत येऊन बसणारी. एकवीस दिवसांचा कोर्स. एकवीस दिवस माणूस त्यांच्या शेजारी बसून घाम पुसत सगळं सांगतो. घरचं, सासरचं, ऑफिसमधल्या साहेबाचं. रस्त्याकडे बघत बोलायचं असतं ना, मग लाज वाटत नाही. बाविसाव्या दिवशी परीक्षा, पास झाला की बिस्किटाचा पुडा आणि टाटा. मास्तर म्हणायचे, "ताई, मी या गावातल्या निम्म्या लोकांना त्यांच्या डाव्या गालावरून ओळखतो." मी हसायचे. पण तीच माणसं पुढे रस्त्यात भेटली की हॉर्न वाजवून निघून जायची, काच खाली करायची नाहीत.

आता मूळ गोष्ट. मास्तरांना एक मुलगी. पाच वर्षं ती त्यांच्याशी बोलत नव्हती.

पाच वर्षांपूर्वी एका पहाटे मास्तरांच्या बायकोच्या डोक्यातली शीर फुटली. घरी हे तिघंच. स्कूलची गाडी खाली उभी होती. मुलगी आईचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसली आणि मास्तरांनी गाडी काढली. साडेपाचची वेळ, रस्ता रिकामा, एक माणूस नाही की गाडी नाही. आणि मास्तर दोन सिग्नलना थांबले. लाल होता म्हणून. दोन्ही वेळा हिरवा होईपर्यंत थांबले, आणि बाकीचा रस्ता चाळीसनं. मुलगी मागून ओरडत होती, "बाबा, चला ना! बाबा, कुणी नाहीये!" मास्तर मला म्हणाले होते, "ताई, मी नियम आठवून थांबलो नाही. मला काही आठवतच नव्हतं. पाय आपोआप गेला."

दुपारी बाई गेल्या. डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाच बाहेर बोलावून सांगितलं, मी होते तिथं, की अर्धा तास आधी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता. मुलगी तेव्हा आत आईजवळ होती. तेरावा दिवस झाला आणि ती दुसऱ्या शहरात निघून गेली. जाताना म्हणाली, "आई मरत होती आणि तुम्ही सिग्नल पाळत होतात." त्यानंतर ना फोन, ना चिठ्ठी. लग्न केलं, तेही मास्तरांना तिसऱ्याकडून कळलं.

तर परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार, दुपारचे तीन वाजून गेले होते. क्लास चालू असताना मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा हा मास्तरांचा नेम. ड्रॉवर थरथरायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. उघडून बघते तर वर लिहिलेलं, 'लेक'. उचलला.

"बाबा आहेत?"

"क्लासवर आहेत गं. मी ऑफिसातली–"

"ओळखलं, मावशी. त्यांना सांगा, मी इथल्या विमानतळावर आहे. आम्ही देश सोडून चाललोय. परत कधी येऊ, माहीत नाही. साडेचारला मला आत जावं लागेल. भेटायचं असेल तर या म्हणावं. उशीर करणार असतील तर निघूच नका म्हणावं."

मास्तर परत आले तेव्हा तीन पस्तीस झाले होते. विमानतळ चौतीस किलोमीटर. मास्तरांच्या चालीनं गेलं आणि गाडी उभी करायला जागा शोधली की साडेचार वाजलेच. मी निरोप सांगितला. त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि जे वळले! साडेतीनच्या क्लासच्या औषधवाल्या काकू, आपल्या दुकानातून धावतपळत आलेल्या, पायरीवर पर्स घेऊन उभ्या होत्या. त्या "मास्तर, मी–" म्हणेपर्यंत गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. काकू मला म्हणाल्या, "अगं बाई, यांना एवढ्या जोरात चालवता येते?"

संध्याकाळी साडेसहाला परत आले. मी दारातच गाठलं. "झाली भेट?"

"झाली."

"काय म्हणाली?"

"घाईत होती," म्हणाले, आणि किल्ली खिळ्याला लावून गेले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी येईल त्याला मी सांगत सुटले की बापलेकीचं जुळलं बाई एकदाचं.

बारा दिवसांनी नोटीस आली. बायपासवर साठची मर्यादा, आणि गाडी सत्त्याण्णव. सोबत फोटो. फोटोत काचेवर ऊन चमकलेलं, चालवणाऱ्याचा चेहरा धड ओळखू येत नव्हता, पण गाडीच्या टपावरचा आमच्या स्कूलचा बोर्ड आणि खालचा फोन नंबर अगदी लख्ख. एवढी जाहिरात पैसे देऊनही झाली नसती.

मालकांनी डोक्याला हात लावला. "मास्तर, दुसऱ्या कुणी केलं असतं तर दंड भरून मोकळा झाला असता. शिकवणाऱ्याचा वेग मर्यादेपेक्षा तीसनं जास्त निघाला तर शिकवायचं प्रमाणपत्रच काढून घेतात. माहीत होतं ना तुम्हाला?"

"मीच शिकवतो ते," मास्तर म्हणाले.

मालक तसे वाईट नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि तोड काढली. चेहरा दिसतच नाही, तर लिहून द्यायचं की शिकणारा उमेदवार चालवत होता, घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला, मास्तरांनी ब्रेक लावून गाडी आटोक्यात आणली. शिकणाऱ्याला समज देऊन सोडतात, मास्तरांना थोडा दंड, प्रमाणपत्र शाबूत. आणि वहीत साडेतीनच्या वेळेला नाव होतंच, औषधवाल्या काकूंचं.

काकूंना विचारलं तर त्या एका पायावर तयार. "घाला माझं नाव. तीनदा नापास झालेय, माझी कसली आलीय अब्रू!"

मास्तर त्यांच्याकडे बघून म्हणाले, "काकू, तुम्हाला अजून तिसरा गिअर सापडत नाही. सत्त्याण्णव कोण खरं मानेल?"

आम्ही सगळे हसलो. काकू तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. हसणं थांबलं तेव्हा मास्तरांनी माझ्यासमोरचं पेन उचललं होतं आणि फॉर्मवर 'वाहन कोण चालवत होते' या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

मी भडकले. सोडते का! मालक बाहेर गेल्यावर म्हटलं, "मास्तर, अठ्ठावन्न वय तुमचं. हे काम गेलं तर करणार काय? त्या खोलीत रद्दीशी बोलत बसणार? माणूस म्हणून कोण आहे तुम्हाला, ही गाडी सोडली तर?" असं बोलू नये. पण मी बोलले.

"खरं आहे तुमचं," एवढंच म्हणाले आणि पाचच्या क्लासला गेले.

सुनावणीला मी बरोबर गेले. कुणीतरी जायला हवंच होतं. परवाना कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर लांबलचक बाक, बाकावर दोन तास. आत एक तरुण साहेब. त्यानं कागद चाळले आणि बरंच सांभाळून म्हणाला, "चोवीस वर्षांत तुमच्या नावावर एक साधी नोंद नाही. इथं 'तातडीचं कारण' असा रकाना आहे, तो तुम्ही कोरा ठेवलाय. आजारपण होतं का? दवाखाना? तसं असेल तर मला सूट देता येते."

मी मागून बोललेच, "साहेब, मुलगी परदेशी चालली होती, तिला भेटायला–"

साहेबानं मास्तरांकडे बघितलं. "ही तातडीच झाली की. लिहा ना."

"रस्त्यावर सगळ्यांच्याच मुली असतात, साहेब," मास्तर म्हणाले. "मी तिथं साठनं जायला हवं होतं."

साहेबानं तो रकाना तसाच कोरा सोडला. मग त्यानं सही केली. स्वतःचा परवाना सहा महिने बंद, आणि शिकवायचं प्रमाणपत्र कायमचं रद्द. मास्तरांनी खिशातून ते कार्ड काढलं, पाठीमागची धूळ शर्टाला पुसली आणि टेबलावर ठेवलं. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा धरला होता. माझा जीव नुसता तुटत होता.

खाली बसथांब्यावर बसलो. मी आपलं समजूत घालायला म्हटलं, "जाऊ द्या मास्तर. काम गेलं, पण लेक तर परत मिळाली ना?"

मास्तर रस्त्याकडे बघत सांगायला लागले, जसे त्यांचे शिकणारे सांगायचे तसे.

"चार दहाला पोचलो, ताई. वीस मिनिटं हातात होती. ती माझ्यासाठी कागदाच्या कपातून कॉफी घेऊन आली. माझे गुडघे कसे आहेत विचारलं. तिचा नवरा सामानापाशी थांबला होता, त्याला हात करून दाखवलं, हे बाबा म्हणून. बरं चाललं होतं. मग ती म्हणाली, तुम्ही इतक्या लवकर कसे आलात? मला वाटलं, सांगितलं तर तिला बरं वाटेल. खरंच वाटलं तसं. म्हटलं, आज मी सत्त्याण्णवनं आलो. आयुष्यात पहिल्यांदा. कॅमेरा चमकलेला दिसला, तरी पाय काढला नाही."

"मग?"

"मग ती माझ्याकडे बघत राहिली. आणि म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला येत होतं, बाबा.'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. येत होतं."

"अहो, पण डॉक्टरांचं सांगायचं ना!" मी जवळजवळ ओरडलेच. थांब्यावरचे दोन लोक वळून बघायला लागले. "अर्धा तास आधी नेलं असतं तरी उपयोग नव्हता, माझ्यासमोर सांगितलंय त्यांनी! पाच वर्षांत ते सांगितलं नाहीत तिला? आता तरी सांगायचं!"

मास्तरांनी मान हलवली. "तिनं डॉक्टरांचं विचारलं नव्हतं, ताई. माझं विचारलं होतं."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. साडेचार वाजले, ती आत गेली."

बस यायला अजून वेळ होता. आली तेव्हा मास्तर खिडकीशी बसले, आणि त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला.